देवमाशाचा कोठा आणि आपला कोठा

वाचकहो, मागील दोन लेखांत आपण बद्धकोष्ठ आणि पोटातील वायू या तक्रारींचा विचार केला. त्यात ‘आतड्यातील उपकारक जंतू’ असा उल्लेख तीन-चार वेळा आला. त्यावर दवाखान्यात येणाऱ्या अनेकांनी विचारले, “डॉक्टर, जंतू म्हटला की आजार, एवढेच आम्हाला माहीत. हे उपकारक जंतू कोणते, आणि ते करतात तरी काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज मी माणसाच्या पोटापासून सुरू न करता जगातील सर्वांत मोठ्या प्राण्याच्या पोटापासून सुरू करणार आहे. देवमासा, ज्याला आपण आता सर्रास व्हेल म्हणतो, त्याच्या आतड्यातील जंतूंवर गेल्या काही वर्षांत चांगले संशोधन झाले आहे. जंतू पोटात राहून काय काम करतात हे तिथे इतके ठळक दिसते, की ते समजले म्हणजे आपल्या पोटाचे गणितही सोपे होते.

देवमासा खातो काय?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. नावात मासा असला तरी देवमासा हा मासा नव्हे. तो तुमच्या-आमच्यासारखा सस्तन प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो. मादी पिल्लाला जन्म देते आणि अंगावर पाजते. आपल्या कोकण किनाऱ्याला तो नवा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत अडकले होते. त्याला पुन्हा खोल पाण्यात नेण्यासाठी अनेकांनी रात्रंदिवस धडपड केली, पण पिल्लू वाचले नाही. ती छायाचित्रे वाचकांना आठवत असतील.

देवमाशांचे दोन मोठे वर्ग आहेत. एका वर्गाला दात असतात. ते मासे, माकूळ वगैरे पकडून खातात. दुसऱ्या वर्गाला दातच नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यापासून कंगव्याच्या दात्यांसारख्या पट्ट्यांची दाट झालर लोंबते. तोंडात पाणी घ्यायचे, ते या झालरीतून बाहेर सोडायचे आणि गाळणीत चहाची पत्ती राहावी तसे मागे राहिलेले जीव गिळायचे, अशी त्यांची जेवणाची रीत. आजचा लेख मुख्यतः या दुसऱ्या वर्गाविषयी आहे.

गाळून मिळणारे हे जीव म्हणजे क्रिल आणि कोपेपॉड. क्रिल दिसायला आपल्या जवळ्यासारखे असते. कोपेपॉड त्याहून लहान, तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही बारीक. एवढ्या बारीक जिवांवर एवढे प्रचंड शरीर पोसायचे तर खाणेही तसेच हवे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार उत्तर पॅसिफिक महासागरातील निळा देवमासा खाण्याच्या दिवसांत रोज सरासरी १६ टन क्रिल खातो. आपल्याकडच्या मालट्रकची जवळजवळ पूर्ण भरती रोज पोटात जाते म्हणा ना!

टरफलाचे काय करायचे?

इथे एक अडचण येते. ज्यांनी घरी जवळ्याची चटणी केली आहे किंवा कोळंबी सोलली आहे, त्यांना हे जीव कवचाचे असतात हे सांगायला नको. हे कवच कायटिन नावाच्या पदार्थाने बनलेले असते. कायटिन म्हणजे साखरेच्या जातीच्या घटकांची एकमेकांत घट्ट गुंफलेली लांबच लांब साखळी. गवत, कडबा, भाजीचे देठ यांत जे सेल्युलोज असते, त्याचा हा जवळचा भाऊ. दोन्हींत शक्ती भरपूर, पण ती कुलूपबंद. माणसाच्या जठरात कायटिन तोडणारे पाचकद्रव्य थोडेफार असते, पण त्याच्यावर पोट भरत नाही. आपण कोळंबीची टरफले कचऱ्यात टाकतो. देवमाशाला ती सोय नाही. त्याला रोज टनावारी माल सालासकट गिळावा लागतो.

आता आपल्या गोठ्यातील गाय आठवा. तिच्यापुढे आपण कडबा टाकतो. कडब्यातील सेल्युलोज पचवणारे एकही पाचकद्रव्य गाईचे शरीर स्वतः तयार करत नाही. तरीही ती कडब्यावर जगते आणि वर दूध देते. हे घडते तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यामुळे. तो एक मोठा रांजणच असतो. त्यात अब्जावधी जंतू हवेशिवाय राहतात आणि कडबा आंबवतात. इडलीचे पीठ आंबते तशीच ही क्रिया, फक्त जंतू वेगळे आणि रांजण जिवंत. आंबवताना जंतू काही आम्ले तयार करतात. एक व्हिनेगरमध्ये असते ते ॲसेटिक आम्ल, दुसरे प्रोपिऑनिक आणि तिसरे ब्युटिरिक, ज्याचा वास खवट लोण्याला येतो. ही आम्ले गाईच्या रक्तात जातात आणि तिला लागणाऱ्या शक्तीचा फार मोठा वाटा तीच पुरवतात. म्हणजे कडबा गाय खाते, पण जेवतात जंतू, आणि जंतूंच्या ताटातले उरलेले गाईला मिळते.

क्रिलचे कवच हा देवमाशाचा कडबाच होय. तो कोण पचवते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना देवमाशाच्या पूर्वजांपर्यंत जावे लागले.

आजोबा चरत होते

देवमाशाचे पूर्वज जमिनीवर राहणारे, खूर असलेले प्राणी होते, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. आजच्या प्राण्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा. गाय, हरीण, उंट, डुक्कर हे त्याच भावकीतले. या इतिहासाचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या देशात सापडला. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट भागातून भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जमवलेल्या खडकांत एका लहानशा प्राण्याची हाडे होती. २००७ साली हान्स थेविसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. या प्राण्याचे नाव इंडोहायस. आपल्या जंगलातील पिसोरी हरणाची आठवण व्हावी असा हा प्राणी सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या कानाचे हाड मात्र देवमाशाच्या कानासारखे जाड होते. कच्छमध्येही प्राचीन देवमाशांची हाडे सापडलेली आहेत.

देवमासा समुद्रात गेला, पाय गेले, केस गेले, पाला खाणे सुटले आणि तो मांसाहारी झाला. परंतु पोटाची रचना त्याने सोडली नाही. आजही त्याच्या पोटाला अनेक कप्पे असतात आणि पहिला कप्पा बराचसा गाईच्या रांजणासारखा असतो. तो रवंथ करत नाही, एवढाच फरक. घर बदलले, धंदा बदलला, पण आजोबांचे स्वयंपाकघर तसेच ठेवले, असा हा प्रकार.

नुसता कप्पा असून भागत नाही. त्यात आंबवण्याचे काम खरोखर चालते का? १९८४ साली हर्विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करडा देवमासा आणि बोहेड देवमासा यांच्या पहिल्या कप्प्यातील द्रव तपासून त्यात हवेशिवाय जगणारे जंतू आणि आंबवण्यातून तयार होणारी आम्ले असल्याचे दाखवले. पुढे १९९०च्या दशकात नॉर्वेच्या संशोधकांनी मिंक जातीच्या देवमाशात असेच जंतू पाहिले. मेलेल्या जनावरांच्या पोटावरून हे कळले. जिवंत, मोकळ्या समुद्रात फिरणाऱ्या देवमाशाचे काय? त्याला तपासायचे तरी कसे?

शौच तपासणीसाठी कुत्रा

रुग्णाला आम्ही सांगतो, “उद्या सकाळी डबीत नमुना घेऊन या.” देवमाशाला हे सांगता येत नाही. सुदैवाने या देवमाशांची विष्ठा काही वेळ पाण्यावर तरंगते आणि तिला उग्र दर्प असतो. खाल्लेल्या जिवांमुळे तिचा रंग विटकरी किंवा नारिंगी दिसतो. अमेरिकेतील बोस्टनच्या न्यू इंग्लंड मत्स्यालयातील डॉ. रोझालिंड रोलंड यांनी यासाठी शिकवलेले कुत्रे वापरले. फार्गो नावाचा रॉटवायलर जातीचा कुत्रा बोटीच्या टोकाशी उभा राहून वारा हुंगत असे आणि त्याच्या हालचालीवरून बोट वळवली जाई. असे कुत्रे मैलभर अंतरावरूनही विष्ठेचा माग काढू शकले.

या विष्ठेत किती माहिती दडलेली असते याचे एक उदाहरण सांगतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर अतिरेकी हल्ला झाला. त्यानंतर काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरातील जहाजांची ये-जा एकदम कमी झाली आणि पाण्याखालचा आवाज उतरला. त्याच सुमारास तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेचे नमुने गोळा होत होते. त्या नमुन्यांत मानसिक ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण कमी आढळले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. एरवी आवाजाचा ताण त्यांना किती होत असेल, हे विष्ठेने सांगितले.

अशाच विष्ठेतील जंतूंची आनुवंशिक तपासणी करून जॉन सँडर्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायचे तर आतड्यातील बरेचसे हवा लागताच मरतात. म्हणून त्यांनी जंतूंचे डीएनए वाचले आणि कोणते जंतू आहेत व ते कोणकोणती कामे करू शकतात, याचा अंदाज बांधला. निष्कर्ष असा की, देवमाशाच्या आतड्यातील जंतूंची वसाहत दोन तोंडांची आहे. आंबवण्याच्या कामात ती गाई-हरणांच्या जंतूंशी जुळते. मांसातील प्रथिने फोडण्याच्या कामात मात्र ती वाघ-सिंहांच्या जंतूंशी जुळते. मऊ मांस आणि कडक कवच असे दोन्ही रोज पोटात येते, तेव्हा दोन्ही कामांचे कारागीर ठेवलेले बरे!

कोणी म्हणेल, देवमासा दिवसभर समुद्राचे पाणी तोंडात घेतो, तेव्हा हे जंतू समुद्रातलेच असतील. तसे दिसत नाही. अमेरिकेच्या नौदलाने सॅन डिएगो येथे पाळलेल्या डॉल्फिनांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. डॉल्फिन हे देवमाशांचेच दात असलेले भाऊबंद. त्यांच्या अंगावरील व पोटातील जंतू भोवतालच्या पाण्यातील जंतूंपेक्षा बरेच वेगळे आढळले. वाटेवरून कितीही माणसे गेली तरी घरात राहतात ती घरचीच.

मेण पचवणारे पोट

कवचाइतकीच आणखी एक अवघड वस्तू या खाद्यात असते. थंड समुद्रातील कोपेपॉड हिवाळ्यासाठी आपल्या शरीरात चरबी साठवतो, पण ती तेला-तुपासारखी नसते. ती मेणाच्या जातीची असते. असे मेण माणसाला नीट पचत नाही. काही खोल समुद्रातील माशांच्या मांसात ते भरपूर असते. असा मासा पोटभर खाल्ला तर नकळत तेलकट शौच होऊ लागते, हे वैद्यकाला माहीत आहे. देवमासा मात्र हे मेण जवळजवळ संपूर्ण पचवतो.

हे कसे घडते याचा माग अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर घेण्यात आला. तेथील इनुपियात लोक पिढ्यानपिढ्या उदरनिर्वाहासाठी बोहेड देवमाशाची शिकार करतात आणि आजही ठरावीक मर्यादेत त्यांना ती परवानगी आहे. त्यांच्या सहकार्याने मिळालेल्या पोटाच्या व आतड्याच्या वेगवेगळ्या भागांतील नमुन्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. आतड्याच्या मधल्या आणि शेवटच्या भागाकडे जाताना मेण कमी कमी होत जाते आणि त्याच भागांतील जंतूंच्या वसाहतीशी त्याचा संबंध दिसतो, असे त्यात आढळले. मेणातील शक्ती देवमाशाच्या पदरात टाकण्यात जंतूंचा मोठा हात असावा, असा याचा अर्थ.

पांडाची फसगत

याच्या नेमके उलटे उदाहरण चीनमधील पांडाचे. पांडा अस्वलाच्या कुळातला, म्हणजे मांसाहारी घराण्यातला. पण तो जन्मभर बांबू खातो. त्याचे पोट साधे, आतडे आखूड आणि २०१५ साली चीनमधील संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे त्याच्या आतड्यातील जंतूही गवत पचवणाऱ्या प्राण्यांसारखे नाहीत. परिणाम काय? दिवसाचे बारा-चौदा तास खाऊनही खाल्लेल्या बांबूपैकी साधारण १७ टक्केच त्याला पचतो. बाकीचा जसाच्या तसा बाहेर.

देवमासा आणि पांडा शेजारी ठेवले म्हणजे आजचा मुख्य मुद्दा ध्यानात येईल. तोंडाने काय खाल्ले यावर पोषण ठरत नाही. खाल्लेले पचवायला पोटात कोणते कारागीर आहेत, यावर ते ठरते. ते कारागीर कोणते असणार हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. वाडवडिलांकडून मिळालेली पोटाची रचना ही एक, आणि रोजचे खाणे ही दुसरी. पहिली आपल्या हातात नाही. दुसरी आहे.

आता आपल्या पोटाकडे वळू

माणसाच्या अंगात साधारण ३८ लाख कोटी जंतू असतात, असा हिशेब २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडला. शरीरातील पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे दोन्ही जवळपास बरोबरीचे. यांतील बहुसंख्य जंतू मोठ्या आतड्यात राहतात. गाईचा आंबवण्याचा रांजण पोटाच्या सुरुवातीला आहे, आपला शेवटी आहे. लहान आतड्यात जे पचायचे ते पचून जाते आणि न पचलेला चोथा मोठ्या आतड्यात जंतूंच्या पुढ्यात येतो. ते तो आंबवतात आणि तीच तीन आम्ले तयार करतात जी गाईच्या पोटात होतात. त्यांतील ब्युटिरिक आम्ल हे आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न आहे. म्हणजे आपल्याच आतड्याचे अस्तर या जंतूंच्या हातचे खाऊन जगते.

रांजण शेवटी असण्याचा एक तोटाही आहे. गाईच्या रांजणातील जंतू ब-१२ जीवनसत्त्व तयार करतात. पुढे ते जंतूच तिच्या लहान आतड्यात पचतात, म्हणून ते तिला मिळते. आपल्या मोठ्या आतड्यातील जंतूही ब-१२ तयार करतात, पण ते शोषून घेण्याची जागा मागे राहिलेली असते. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसाला, विशेषतः दूध-दही न घेणाऱ्याला, याची कमतरता भासू शकते. हातापायांना मुंग्या, जीभ लाल होणे, थकवा अशा तक्रारी असतील तर तपासणी करून घ्यावी.

हे जंतू आजारपणातही कसे मदत करतात, याचे एक उदाहरण वेल्लोरचे आहे. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि सहकाऱ्यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-साखरेच्या पाण्यात लहान आतड्यात न पचणारा पिष्टमय पदार्थ मिसळून दिला. तो मोठ्या आतड्यात जंतूंनी आंबवला, त्यातून निघालेल्या आम्लांमुळे मीठ आणि पाणी अधिक शोषले गेले आणि रुग्णांचे जुलाब लवकर आटोक्यात आले. हा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला.

रांजण बिघडतो तेव्हा

लग्नसराईत एक प्रसंग आपल्या भागात हमखास घडतो. जेवणावळीतला उरलेला भात उकिरड्यावर टाकला जातो, गाय तो पोटभर खाते आणि दुसऱ्या दिवशी उठत नाही. भातात विष नसते. रांजणातील जंतू कडब्याच्या सवयीचे असतात. एकदम एवढा पिष्टमय पदार्थ आला की आम्ल भराभर तयार करणारे भलतेच जंतू माजतात, आम्ल वाढते, कडबा पचवणारे जंतू मरतात आणि जनावर दगावते. पशुवैद्यांना हा आजार चांगला परिचित आहे.

माणसाचे इतके टोकाला जात नाही, पण आपण दुसऱ्या मार्गाने रांजण बिघडवतो. तो मार्ग म्हणजे गरज नसताना घेतलेली प्रतिजैविके, अर्थात अँटिबायोटिक औषधे. माझ्याकडे साठीच्या एक आजी मुलाचा हात धरून आल्या. चार दिवस दिवसातून आठ-दहा जुलाब. विचारता विचारता कळले की, आठवड्यापूर्वी साधी सर्दी झाली होती. सुनेच्या आजारपणातल्या उरलेल्या कॅप्सूल घरात होत्या, त्या त्यांनी घेतल्या. “पैसे दिलेले औषध वाया का घालवायचे?” असे त्यांचे म्हणणे. सर्दी विषाणूंची. त्यावर त्या कॅप्सूलचा काडीचा उपयोग नव्हता. आतड्यातले कामकरी जंतू मात्र त्यात मारले गेले. कॅप्सूल बंद केल्या, मीठ-साखरेचे पाणी आणि ताकभात सुरू केला. आजी आठवड्यात सावरल्या. सगळेच इतक्या सहज सावरत नाहीत.

प्रतिजैविकांनी मोकळ्या केलेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू घुसला तर जुलाब जिवावर बेतू शकतात. अशा वारंवार उलटणाऱ्या आजारावर हॉलंडमध्ये एक प्रयोग झाला आणि २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू नळीवाटे रुग्णाच्या आतड्यात सोडण्यात आले. १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले. ऐकायला किळसवाणे वाटेल, पण हरवलेले कारागीर परत आणण्याचा तो मार्ग होता. हा उपचार दात्याच्या कसून तपासण्या करून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रुग्णालयातच करायचा असतो, हे सांगणे न लगे.

थोडे ‘व्हेलच्या उलटी’विषयी

देवमाशाच्या पोटाचा विषय निघाला की लोक हटकून विचारतात, “ती कोट्यवधींची उलटी काय असते हो?” मुंबई-कोकणात ती पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. हा पदार्थ म्हणजे अंबरग्रीस. तो दात असलेल्या स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. हा देवमासा माकूळ खातो. माकुळाची चोच कायटिन आणि प्रथिनांची बनलेली, फार कठीण असते आणि ती पचत नाही. या न पचलेल्या चोचींच्या टोचण्याशी अंबरग्रीसचा संबंध जोडला जातो. खरे पाहता ही उलटी नसून आतड्यातील खडा म्हणावा अशी वस्तू आहे. औषध म्हणून तिच्यामागे लागू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ती बाळगणे, विकणे आपल्या देशात गुन्हा आहे.

देवमाशाच्या विष्ठेचे खरे मोल वेगळेच आहे. तिच्यात लोह आणि नत्र असते. दक्षिण महासागरात लोहाची टंचाई असते. तिथे देवमाशाच्या विष्ठेत आसपासच्या पाण्याच्या सुमारे एक कोटी पट लोह आढळल्याचे २०१० साली दाखवण्यात आले. शेणखताने शेत पिकावे तसे या खतावर समुद्रातील सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर क्रिल वाढते आणि क्रिलवर देवमासा. ज्या राइट व्हेलच्या विष्ठेने शास्त्रज्ञांना एवढे शिकवले, ते उत्तर अटलांटिकमध्ये आज चारशेहूनही कमी उरले आहेत. जहाजांच्या धडका आणि मासेमारीचे दोर यांत ते मरतात. शिवाय २०१० नंतर समुद्र तापल्यामुळे त्यांच्या जुन्या चरण्याच्या जागांतील कोपेपॉड घटले. रांजण कितीही उत्तम असला तरी त्यात घालायलाच काही नसेल तर काय करणार?

मग आपण काय करावे?

देवमाशावरील संशोधनातून माणसासाठी औषधाची गोळी निघालेली नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. पण त्यातून जी दृष्टी मिळते ती उपयोगी आहे. पोटात चोथा गेला नाही तर जंतू उपाशी राहतात. मोठ्या माणसाला रोज २५ ते ४० ग्रॅम चोथा हवा. १०० ग्रॅम ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम असतो, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नाही. भाकरी सोडून मैद्याच्या पावावर आणि बिस्किटांवर आलेल्या घरांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढील गोष्टी कोणत्याही घराला जमण्यासारख्या आहेत.

१. दिवसातून एक वेळ तरी ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी असावी. उसळ आठवड्यातून तीन-चार वेळा, पालेभाजी शक्यतो रोज घ्यावी.

२. चोथा एकदम वाढवू नये. लग्नाच्या भाताने गाईचे काय होते ते आठवा. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, सोबत पाणी पुरेसे प्यावे. वायू होतो म्हणून लगेच उसळ सोडू नये. जंतूंना सवय व्हायला वेळ लागतो.

३. ताजे ताक, दही जरूर घ्यावे. ते चांगले अन्न आहे. महागड्या बाटल्या आणि पुड्या मात्र केवळ जाहिरात पाहून घेऊ नयेत.

४. सर्दी, साधा खोकला, लहान मुलांचे बहुतेक जुलाब यांना प्रतिजैविक लागत नाही. मुलांच्या जुलाबात मीठ-साखरेचे पाणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक द्यावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. शौचात रक्त, तीव्र ताप, डोळे खोल जाणे किंवा लघवी कमी होणे दिसल्यास वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

५. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलेच तर त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात आणि सांगितलेले दिवस घ्यावे. उरलेल्या गोळ्या कोणी पुढच्या आजारासाठी साठवू नयेत आणि शेजाऱ्याला देऊ नयेत.

६. पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक बदल झाला, रक्त पडू लागले किंवा वजन घटू लागले, तर जंतूंवर भार टाकून स्वस्थ बसू नये. तपासणी करावी.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी देवमाशाच्या पूर्वजांनी जमीन सोडली, पण पोटातले कारागीर ठेवायची जागा काही मोडली नाही. आपल्या आजी-आजोबांच्या ताटातली भाकरी, उसळ आणि ताक सोडायला आपल्याला मात्र एक पिढी पुरली. ती ताटात परत आणणे कुणालाही परवडण्यासारखे आहे.

पुढील आठवड्यात आपण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि हातापायांच्या मुंग्या या विषयाकडे वळू.